भाऊजींचं स्टूल

भाऊजींच्या टेबलाशेजारी एक लाकडी स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड, त्यामुळे बसणारा माणूस बोलताना हळूहळू डुलायचा. ऑफिसातल्या खुर्च्या बदलल्या, टेबलं बदलली, भिंतींना दोनदा रंग झाला, पण स्टूल जिथल्या तिथे राहिलं. त्यावर येऊन बसल्याशिवाय तिथे कुणाचं पान हलत नसे, आणि भाऊजींच्या आयुष्यात बायकोखालोखाल अभिमानाची गोष्ट म्हणजे ते स्टूल. बायकोखालोखाल हे मी आपलं जपून म्हणतोय.

ऑफिसचं काम असं, की हॉस्पिटलांच्या औषधभांडारासाठी प्रोग्रॅम बनवायचे. कुठलं औषध किती उरलं, कुठल्याची मुदत संपली, काय मागवायला हवं, हे सगळं सांगणारा एक मोठा जुना प्रोग्रॅम होता आणि तो जवळजवळ सगळा भाऊजींनी एकट्याने लिहिला होता, डोक्यावर केस होते त्या काळात.

आता प्रोग्रॅम म्हणजे फंक्शनांचा गोतावळा. एकेक फंक्शन म्हणजे एकेका कामावर नेमलेला गडी समजा. त्याला नावाने हाक मारली की तो ते काम करून येतो. हाक कुणीही, कुठूनही मारू शकतो. म्हणून नाव असं असावं, की वाचल्याबरोबर गडी काय करतो ते कळावं. हे शहाणपण या विद्येच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला असतं. भाऊजींनी ते पान वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं आणि उलटलं होतं.

त्यांच्या फंक्शनांची नावं बघा: ‘कर’, ‘परतकर’, ‘चष्मा’, ‘म्हातारा’, ‘घोळ’, ‘आतातरी’. संगणकात ती इंग्रजी अक्षरांत असायची, आपण आपल्या भाषेत घेऊ. भाषा बदलली म्हणून त्यांतून काही जास्त कळतं असं नाही. ‘चष्मा’ हे फंक्शन मुदत संपलेली औषधं यादीतून काढायचं. त्याचं नाव ‘चष्मा’ का? तर ते लिहिलं त्या दिवशी भाऊजींचा चष्मा सापडत नव्हता. ‘म्हातारा’ दोन विभागांत औषधांची वाटणी करायचं. ती मागणी एका खोकणाऱ्या म्हाताऱ्या स्टोअरकीपरने केली होती. ‘आतातरी’ तिसऱ्या प्रयत्नात चाललं. प्रत्येक नावामागे एक किस्सा, आणि किस्सा फक्त एकाच डोक्यात.

मग काय होणार? ऑफिसात एकजण होता, प्रोग्रॅम चालतो की नाही ते तपासणारा. त्याला सगळे शंकासूर म्हणत. तो यायचा, स्टुलावर बसायचा आणि डुलत विचारायचा, “गुरुजी, हे ‘चष्मा’ काय करतं हो?”

तेव्हा त्यांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजी आधी डोळ्यांवरचा चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, चहाचा एक घोट घ्यायचे.

“त्याची एक गंमत आहे,” ते म्हणायचे.

गंमत संपायला चहा संपावा लागे. तोवर मागे दुसरा कुणीतरी उभा राहून आपल्या पाळीची वाट बघत असे. गुरुजींना ते दृश्य फार आवडायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ही मूठ तर पगारी होती. आपण मुद्दाम अशी नावं ठेवतो असं त्यांना कधी वाटलं नाही. पण ‘चष्मा’ बदलून नीट नाव द्यावं असंही कधी वाटलं नाही. माणूस स्वतःशी एवढं खोटं बोलतोच.

आणि मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे त्यांची मेव्हणी. बायको थोरली, ही धाकटी. हिनेही हेच शिक्षण घेतलं होतं, काही वर्षं नोकरी केली होती, मग मुलं झाली आणि सगळं मागे पडलं. एके दिवशी थोरली म्हणाली, “अहो, धाकटीचं बघा ना तुमच्याकडे काहीतरी. मुलं मोठी झाली. घरात बसून तिचं डोकं गंजतंय.”

भाऊजींच्या अंगात त्या दिवशी औदार्य संचारलं होतं. त्यांनी मॅडमकडे, म्हणजे कंपनीच्या मालकिणीकडे, स्वतः शब्द टाकला. “हुशार आहे, शिकवलं तर शिकेल,” असंही वर म्हणाले. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. धोंड्याची शिफारस करणारे भाऊजी एकटेच. सहा महिने काम बघून कायम करू, असं मॅडमनी तिला सांगितलं.

पहिल्याच दिवशी भर ऑफिसात धाकटीने विचारलं, “भाऊजी, मी सुरुवात कुठून करू?”

सगळे हसले. दुपारपर्यंत शंकासूर ‘भाऊजी’ म्हणायला लागला, संध्याकाळी चहावाला, आणि दुसऱ्या दिवशी तर मॅडमच्या तोंडूनही निसटलं. इतक्या वर्षांची गुरुजीपदवी त्या पोरीने येता येता धुऊन टाकली. भाऊजी वरवर हसले. आत काहीतरी टोचलं, पण ते काय, हे बघायला ते थांबले नाहीत.

सुरुवातीचे दिवस मात्र सुखाचे गेले. धाकटी दिवसाचे चार चार तास स्टुलावर असायची. घरी जाताना भाऊजी शीळ घालायचे. फक्त एक खोड होती तिला. गंमत रंगात आली की ती म्हणायची, “ते कळलं भाऊजी, पण करतं काय ते?”

“सांगतोय ना. तर तो म्हातारा खोकत खोकत...”

“म्हणजे दोन विभागांत औषधं वाटून देतं. एवढंच ना?”

ते ‘एवढंच’ भाऊजींना लागायचं. किश्श्याचा जीव निघून जायचा आणि हातात नुसतं हाड उरायचं. पण तिला कळलेलं बरोबर असायचं, त्यामुळे बोलताही येत नसे.

एका सोमवारी भाऊजींनी आपला प्रोग्रॅम उघडला आणि ‘चष्मा’ सापडेना. त्यांनी नाव टाकून शोध घेतला. संगणक म्हणाला, असं काही नाही. चष्मा नाकावर असताना ते चष्मा शोधत होते. शेवटी त्या जागी दिसलं: ‘मुदत_संपलेली_औषधं_यादीतून_काढ’.

“हे नाव आहे की आगगाडी?” ते मोठ्याने म्हणाले, चार लोकांना ऐकू जाईल असं.

धाकटीने मान वळवली. “आगगाडीच आहे भाऊजी. पण कुठे जाते ते पाटीवर लिहिलंय. तुमच्या गाडीत बसल्यावर ड्रायव्हरला विचारावं लागायचं.”

लोक पुन्हा हसले. भाऊजी-मेव्हणीची थट्टा, कुणाला त्यात वावगं वाटणार? मॅडम केबिनच्या दारातून ऐकत होत्या. त्यांनी बाहेर येऊन तो बदल पाहिला, दोनदा वाचला आणि धाकटीला म्हणाल्या, “सगळ्यांचं असं करून टाक.”

म्हणून मग एकेक गडी नवं नाव घेऊन उभा राहायला लागला. ‘म्हातारा’ गेला, ‘घोळ’ गेलं, ‘आतातरी’ गेलं. प्रोग्रॅम तसाच चालत होता. एका अक्षराचंही काम बदललं नव्हतं. फक्त आता तो कुणीही वाचू शकत होतं.

स्टूल रिकामं पडायला लागलं.

शंकासूर आपल्या जागेवरच बसून पडद्याकडे बघून एकटाच मान डोलवायचा. भाऊजी मुद्दाम त्याच्या टेबलावरून पाणी प्यायला जायचे.

“काही अडलं का रे?”

“नाही हो भाऊजी. नावातच लिहिलंय सगळं.”

शंकासुराला शंका नाही! भाऊजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका दुपारी चहावाल्याने आपला ट्रे आणून त्या स्टुलावर टेकवला. “इथे नको,” भाऊजी म्हणाले. “कुणी बसत नाही ना आता, म्हणून ठेवला,” तो बिचारा म्हणाला आणि ट्रे उचलला. त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं, आणि म्हणूनच ते दिवसभर भाऊजींच्या डोक्यात घोळत राहिलं.

खरं तर त्यांचं पोट कशाने दुखत होतं, ते ऐका. धाकटीने स्वतःकडेही काही ठेवलं नव्हतं. तिला कुणी काही विचारायला यावं अशी सोयच तिने राहू दिली नव्हती. आणि तरी लोक तिच्या टेबलाशी यायचे. काही न विचारता यायचे. उभ्या उभ्या हसायचे, आपला डबा पुढे करायचे, मुलांच्या परीक्षांचं बोलायचे. भाऊजींकडे माणसं गरजेपोटी येत होती, गरज संपली तशी यायची थांबली. इतकी वर्षं ते ज्याला मान समजत होते ती नुसती अडचण होती की काय, हा विचार एकदा त्यांच्या मनात डोकावला. त्यांनी त्याला लगेच बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

मग धाकटीचं काहीच बघवेना. तिचा निळा कप डोळ्यांत खुपायला लागला. ती टाइप करताना गुणगुणायची, ते कानांत खुपायला लागलं. “एवढी लांब नावं टाइप करून बोटं दुखतात,” ते येता-जाता म्हणायचे, आणि खरंच बोटं चोळायचे.

घरी तरी सुटका? छे! संध्याकाळी थोरली बहिणीशी फोनवर बोलायची. एकदा बोलता बोलता ती खळखळून हसली आणि फोन ठेवून भाऊजींकडे वळली.

“अहो, तुम्ही मुदत संपलेली औषधं बाजूला काढता होय? आणि कुठल्या वॉर्डात किती गोळ्या गेल्या तेही तुमच्याकडेच? मला आज कळलं हे.”

“कुणी सांगितलं?”

“धाकटीने. नावं वाचून दाखवली तिने मला, भराभरा. सगळं समजलं. लग्न झाल्यापासून मी विचारतेय तुम्ही काय काम करता, तर तुमचं आपलं एकच. ‘तुला नाही कळायचं.’”

स्वतःच्या बायकोला आपलं काम समजलं, यात नवऱ्याने खूश व्हायला हवं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपलं होतं ते एकेक करून ती धाकटी वाटून टाकते आहे, आणि लोक टाळ्या वाजवताहेत.

“घाई करते ती,” शेवटी ते म्हणाले. “मला तिची काळजी वाटते.”

थोरलीने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि ती आत गेली.

पुढच्या आठवड्यात धाकटी स्टुलावर येऊन बसली. किती दिवसांनी! भाऊजींचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. पण ती काही विचारायला आली नव्हती.

“भाऊजी, तुमचं एक नाव मी बदललं नाही. ‘साठा_बघ’. सगळ्या प्रोग्रॅममध्ये तेवढं एकच नाव सापडलं की वाचलं आणि कळलं. छान ठेवलंय हं ते तुम्ही.”

एवढं बोलून ती उठूनही गेली. स्टूल जरा वेळ डुलत राहिलं. भाऊजींचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत त्यांच्या कामाबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं, आणि बोललं ते नेमकं हिने. लगेच मागोमाग त्यांना आठवलं, की ‘साठा_बघ’ नुसता साठा बघत नाही.

पूर्वी बघायचं. अमुक औषध किती उरलंय ते बघायचं आणि सांगायचं, बस. पण एकदा एका हॉस्पिटलात सलाइन संपलं, तिथला स्टोअरकीपर फोनवर ओरडला, तेव्हा भाऊजींनी घाईघाईत त्याच फंक्शनच्या पोटात आणखी एक काम घुसडलं: साठा कमी असेल तर पुरवठादाराकडे परस्पर मागणी पाठवून द्यायची. नंतर वेगळं करू, असं ठरवलं होतं. नंतर म्हणजे कधी, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, तो विषय बदलेल. त्या फंक्शनला रोज सकाळी एकदाच हाक जायची, म्हणून कधी काही बिघडलं नाही. घोळाचं नाव ‘घोळ’ होतं तोवर लोक सावध तरी असायचे. इथे नाव साधंभोळं आणि आत भलताच उद्योग.

हे तिला सांगायला हवं होतं. भाऊजी उठलेसुद्धा. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुला आवडलेलं माझं ते एकमेव नाव, तेही खोटंच आहे? ते परत बसले. उद्या सांगू, म्हणाले.

उद्या आलं ते वेगळंच काहीतरी घेऊन. त्या ऑफिसात एक नियम होता: कुणाचंही काम दुसऱ्याने वाचून ‘मंजूर’ म्हटल्याशिवाय बाहेर जायचं नाही. धाकटीने नर्सबायांसाठी संगणकावरचा एक नवा पडदा केला होता. औषधाच्या नावावर बोट ठेवलं, की किती उरलंय ते समोर. त्याचा प्रोग्रॅम वाचायला भाऊजींकडे आला. काम सुरेख होतं. नावं अशी, की वाचताना अडखळायला होत नव्हतं. आणि बरोबर मध्यभागी, नर्सने बोट ठेवलं की ज्याला हाक जाणार, तो गडी होता ‘साठा_बघ’.

भाऊजींना सगळं एका क्षणात दिसलं. बोट ठेवलं की मागणी. पुन्हा ठेवलं की पुन्हा मागणी, कारण माल येऊन पोचेपर्यंत साठा कमीच दिसणार. शंकासुराच्या तपासणीत हे कळणार नव्हतं. त्याच्याकडे सरावासाठी जी प्रत होती तिच्यात साठा कायम भरलेला असायचा.

ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. पलीकडे धाकटीच्या टेबलाशी चारपाच जण कशावरून तरी हसत होते. चहावाला तिचा निळा कप न सांगता भरत होता.

‘चार टक्केटोणपे खाल्ल्याशिवाय शिकत नाही माणूस,’ भाऊजी स्वतःशी म्हणाले. ‘तिच्याच भल्याचं आहे.’ मग त्यांनी त्या कामावर तीन सूचना लिहिल्या. इथे एक ओळ मोकळी सोडावी. इथे दोन शब्दांत अंतर जास्त झालंय. इथे एक अक्षर चुकलंय. बारकाईने वाचल्याचा पुरावा म्हणून. आणि खाली लिहिलं, मंजूर.

नवा पडदा एका मोठ्या हॉस्पिटलात सकाळी सुरू झाला. त्या दिवशी तिथे रबरी हातमोजे जरा कमी होते, बाकी सगळं व्यवस्थित. प्रत्येक नर्सने हौसेने हातमोज्यांवर बोट ठेवून पाहिलं. मैत्रिणीला बोलावून दाखवलं. तिनेही ठेवलं. दिवसभर तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या स्टोअरकीपरबाईंचा फोन आला. आवाज असा, की मॅडमनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला होता, तरी बाहेर ऐकू येत होतं.

“अहो, आमच्या माणसांना दोनच हात आहेत! किती मोजे पाठवता? खोक्यांनी जिना भरला, व्हरांडा भरला, तपासणीची खोली भरली. डॉक्टर पेशंटला जिन्याखाली तपासताहेत. आणि फाटकाशी आणखी एक ट्रक उभा आहे, तो विचारतोय कुठे उतरवू!”

पडदा ताबडतोब बंद केला गेला. धाकटीने ‘साठा_बघ’ उघडून आत काय आहे ते पाहिलं. मॅडमनी धाकटीला आणि भाऊजींना केबिनमध्ये बोलावलं. भाऊजी दाराशीच उभे राहिले.

“कुणाचं काम हे?” मॅडमनी विचारलं.

“माझं,” धाकटी म्हणाली. “फंक्शनचं नाव वाचलं आणि विश्वास ठेवला. आत उघडून बघायला हवं होतं. चूक माझी आहे.”

झालं. एका दमात, सरळ, जसं तिचं सगळंच असायचं. तशा अवस्थेतही भाऊजींच्या मनात पहिलं काय आलं असेल? चूक कबूल करण्यातही ही माझ्यापुढे गेली! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

“तुला कायम करायचं की नाही, ते याच महिन्यात ठरायचं होतं,” मॅडम म्हणाल्या. “आता मी काय ठरवू?” मग त्यांनी समोरचा पडदा भाऊजींकडे वळवला. त्यावर त्या तीन सूचना होत्या. मोकळी ओळ, अंतर, अक्षर. खाली ‘मंजूर’. “तुमच्याही नजरेतून सुटलं वाटतं?”

मॅडमनी सुटकेचं दार उघडून दिलं होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं आणि बाहेर पडायचं. धाकटी जाईल. नवं कुणीतरी येईल. ‘यात काही धोका नाही ना?’ असं विचारत लोक पुन्हा स्टुलावर येतील. भाऊजींना स्टूल दिसलं, डुलणारा शंकासूर दिसला.

“भाऊजींचा काय दोष?” धाकटी म्हणाली. “त्यांच्याकडे रोज ढीगभर कामं येतात वाचायला. सुटतं एखादं.”

ती त्यांची बाजू घेत होती. हेवा करणाऱ्या माणसाला शिवी पचते, उपकार पचत नाही. भाऊजींना तिथे उभं राहवेना.

“सुटलं नाही,” ते म्हणाले. “दिसलं होतं मला.”

मॅडमना आधी कळलंच नाही. “काय दिसलं होतं?”

“ते नाव खोटं आहे. नुसतं बघत नाही ते, मागवतं. मीच लिहिलंय, मला माहीत होतं. हिने त्याला हाक मारली तेही दिसलं. तरी मंजूर केलं.”

“का?”

यावर त्यांच्याजवळ एक तयार शब्द होता. गेले कित्येक दिवस घरी, दारी, स्वतःशी तोच वापरत होते. काळजी. तो ओठांपर्यंत आला. धाकटी त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्यासमोर तो बाहेर पडेना.

मॅडमनी त्यांना कामावरून काढलं नाही. पण हॉस्पिटलात स्वतः जाऊन माफी मागायची, खोकी परत जाईपर्यंत तिथे उभं राहायचं, आणि त्यांच्या लिहिलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची जबाबदारी आजपासून धाकटीकडे. धाकटीची नोकरी कायम. जागेवर येऊन त्यांनी ते फंक्शन उघडलं आणि त्याचे दोन केले. ‘साठा_बघ’ आता फक्त बघत होतं. दुसऱ्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘साठा_कमी_असेल_तर_मागव’. बोटं दुखली नाहीत.

ऑफिस सुटताना धाकटी त्यांच्या टेबलाशी थांबली. स्टूल शेजारीच होतं, पण ती बसली नाही.

“त्याच एका नावाचं मी कौतुक केलं होतं, भाऊजी,” ती म्हणाली. “तेव्हा तरी सांगायचंत.”

एवढं म्हणून ती निघून गेली.

घरी थोरली स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, फोन येऊन गेला आहे. भाऊजींनी हातपाय धुतले, पाणी प्यायले, ओट्याला टेकून उभे राहिले.

“मला तिची काळजी वाटायची,” शेवटी त्यांनीच सुरुवात केली. “घाई करत होती. म्हटलं, जरा...”

“काळजी!” थोरलीने हातातली जुडी खाली ठेवली. “नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! अहो, माझी सख्खी बहीण आहे ती. आज रडत होती फोनवर. नोकरी जाता जाता राहिली म्हणून नाही. म्हणाली, ‘ताई, भाऊजींना मी नकोशी कधी झाले, मला कळलंच नाही.’”

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भाऊजी ओट्यावरचं फडकं उगाच घडी करत राहिले, उलगडत राहिले.

“हेवा वाटला मला तिचा,” ते म्हणाले. हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच तोंडातून काढला होता. “पहिल्या दिवसापासून वाटत होता. आजही केबिनमध्ये वाटला. आत्तासुद्धा वाटतोय.”

“ते मला केव्हाच कळलं होतं,” थोरली म्हणाली. “तुम्हाला कधी कळतंय, याची वाट बघत होते.”

तिने जुडीतली चार पानं निवडली. मग तिने विचारलं, “एवढा कशाचा हो हेवा?”

“तुला नाही...” भाऊजींच्या तोंडून सवयीने निघालं आणि तिथेच थांबलं.

वरच्या फळीवरचे डबे काढायला स्वयंपाकघरात एक छोटं स्टूल होतं. थोरलीने ते पायाने पुढे ओढलं, त्यावर बसली, पदराला हात पुसले.

“सांगा,” ती म्हणाली. “भाजी होईल नंतर.”

भाऊजींनी या वेळी चष्मा काढला नाही. ते सरळ सांगायला लागले.